सोळावं कॉटर

आमच्या फियाटचं इंजिन घरच्या घरी खोलून पुन्हा बांधायचंय, असं मी उद्यमनगरातल्या मेस्त्रींना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"गाडी विकायची हाय?"

"नाही."

"मग लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची?"

"नाही हो. छंद म्हणून."

"म्हणजे पैसं कोण देणार?"

"मीच."

"आणि काम कोण करणार?"

"तेही मीच."

मेस्त्रींनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, घरात सगळं बरं हाय न्हवं?"

त्यांचं चुकलं नव्हतं. दुसऱ्या गावात हौसेनं इंजिन खोलणाऱ्याचं लोक कौतुक करत असतील. कोल्हापुरात त्याच्या बायकोची विचारपूस करतात. इंजिन ही इथं हौसेची गोष्टच नव्हे. गुऱ्हाळाचा चरक फिरवायला आणि विहिरीचं पाणी उपसायला लागणारी ऑइल इंजिनं ह्या गावानं घडवली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत अजून रोज लोखंड ओतलं जातं. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तर त्यांनी आधी कॅमेराच घडवला आणि मग १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अशा गावात, जन्मभर लोकांच्या खतावण्या तपासलेल्या माणसानं चौदा-पंधराचा पाना हातात धरणं म्हणजे इस्त्रीची पँट घालून खासबागेच्या आखाड्यात उतरणं होतं.

गाडी १९७३ची. कागदोपत्री तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट'. फियाटशी असलेला करार संपल्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं काही काळ हे नाव लावलं, १९७४पासून तीच गाडी 'पद्मिनी' झाली. म्हणजे आमची ही महाराणी व्हायच्या आदल्या वर्षीची, नुसतीच अध्यक्ष. घरात ह्यातलं कुठलंच नाव चाललं नाही. वडील 'फियाट' म्हणत, आई 'गाडी' म्हणे आणि पेठेतली पोरं 'डबडं' म्हणत. हँडललाच गिअर, पुढं सोफ्यासारखी सलग सीट, तिच्यावर वडील, आई आणि मधे मी. जोतिबाच्या चढाला ती तापायची. वडील उतरून बॉनेट उघडायचे आणि डोंगराकडं तोंड करून उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, ते देवाला नमस्कार करतायत.

वडील गेल्यावर ती शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी पत्र्याखाली उभी राहिली. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा भेटायला आली. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं, देव आणि गॅसची टाकी माडीवर नेली. गाडी माडीवर नेता येत नाही. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. दोन महापूर पोटात घेतलेलं इंजिन त्यानंतर हलेचना. सिलिंडरात पाणी शिरलं की पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरतात. तालमीतल्या चार पोरांनी गाडी टॉपला टाकून ढकलून पाहिली. गाडी बोळभर गेली, पण मागची चाकं न फिरता, फरफटत.

मग २०२३चा दसरा आला. दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक गाडी आली, नेहमीसारखी. ती बघून घरी आलो तो आठवडाही सरला नाही, तोच बातमी: ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी दिसणार नाही, वीस वर्षांची वयोमर्यादा संपली. जेवताना मी जाहीर केलं, "फियाट चालू करायची." बायको म्हणाली, "आधी बाथरूममधला गिझर चालू करा."

मी सरकारचा आधार घेतला. पन्नास वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीची फी वीस हजार. फक्त चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बसत नाही त्यात." माझी अँजिओप्लास्टी पन्नासाव्या वर्षी झाली होती.

दिवाळीत इंजिन खाली घ्यायचं ठरलं. ऐवज शंभर किलोच्या वरचा, म्हणजे साखरेची दोन पोती धरा. मी चेन कप्पी भाड्यानं आणायला निघालो, तर तालमीतल्या दोघांना तो अपमान वाटला. "काका, कप्पी कशाला? लोखंडच न्हवं?" दोरखंड, वेळू आणि 'हर हर महादेव'. इंजिन बॉनेटमधून दाताच्या डॉक्टरनं दाढ काढावी तसं वर आलं. मग थोरला पैलवान म्हणाला, "कुठं ठिवायचं?" ह्याचा विचार मी केलाच नव्हता. "तिथं नको, तुळस आहे," बायको म्हणाली. "इथं नको, आईंची खुर्ची असते." वेळूला लटकलेलं इंजिन खांद्यावर घेऊन दोघं अंगणभर फिरत होते, पालखीसारखे. शेवटी ते न्हाणीच्या दारात टेकलं आणि पुढचे सात महिने तिथंच राहिलं. मजुरी म्हणून गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पाजावं लागलं. कप्पी स्वस्त पडली असती.

त्यानंतर मला कळलं, की कोल्हापुरात घरी इंजिन बांधता येत नाही. पेठेत बांधावं लागतं. सकाळी दात घासत एक येणार, डिझेल ओता म्हणणार. दूधवाला म्हणणार, रॉकेल. निवृत्त मुख्याध्यापक कोल्ड्रिंक सुचवून गेले. मी सगळं थोडं थोडं ओतलं. नवव्या दिवशी मेस्त्री सहज म्हणून डोकावले, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला, हातोडीनं दोनदा ठोकलं आणि चारी पिस्टन सुटले. पेठेत अजून प्रत्येकजण म्हणतो, की ते त्याच्या औषधानं सुटले.

"नख फिरवा," मेस्त्री म्हणाले. मी सिलिंडरच्या भिंतीवरून नख वर आणलं. काठाच्या जरा खाली ते अडकलं, दारातल्या पायरीला ठेच लागावी तसं. रिंगा जिथंपर्यंत घासतात तिथंपर्यंत भिंत झिजलेली, त्याच्या वर कोरी. पन्नास वर्षांतले जोतिबाचे सगळे चढ त्या पायरीत होते. मेस्त्रींनी अंगठा आत घालून सांगितलं, "टेपर आलंय. पॉइंट चार मारायला लागंल." नंतर बोअरिंगवाल्यानं डायल गेज लावून तेच सांगितलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

पॉइंट चार म्हणजे भोक चार दशांश मिलिमीटरनं मोठं करून तेवढेच मोठे पिस्टन घालायचे. इथं माझा धंदा कामाला आला. मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, सिलिंडर चार. मी कॅल्क्युलेटर काढला: १,०८९ सीसी. पुस्तकात तेवढंच. आता ६८.४ धरून पुन्हा मांडलं: १,१०२. म्हणजे वडील जिला 'फियाट इलेव्हन हंड्रेड' म्हणून मिरवत, ती पन्नास वर्षांनी पहिल्यांदा खरोखरीची अकराशे झाली होती. मी हे मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी पुन्हा घरात सगळं बरं आहे ना, ते विचारलं.

खर्चाचं म्हणाल तर मी सगळा घरखर्चाच्या वहीत 'किरकोळ' ह्या सदरात टाकत होतो. जानेवारीत बायकोनं बेरीज मारली, तर किरकोळ हे किराण्याच्या दुप्पट निघालं. लोकांच्या वह्यांतलं असलं किरकोळ पकडण्याचा पगार मी तीस वर्षं घेतला होता.

नवीन पिस्टनची पिन थंडपणी बसत नाही. पिस्टन गरम केला की ॲल्युमिनियम फुगतं आणि पिन अंगठ्यानं आत जाते. घरात एकसारखी उष्णता देणारं एकच भांडं होतं. रविवारी सकाळी बायको देवळात गेली, तेव्हा मी इडलीपात्रात चार पिस्टन वाफवले. पिना लोण्यासारख्या गेल्या. पात्र साबणानं तीनदा घासलं. तरीही पुढच्या रविवारी आई पहिल्या घासाला थांबली आणि म्हणाली, "आज तुझ्या वडिलांची फार आठवण येतीय बघ."

एप्रिल उजाडला. हेड ॲल्युमिनियमचं, एकट्याला उचलण्यासारखं. उजेड चांगला म्हणून मी ते गच्चीवर नेलं. घासून तयार केलेले आठ व्हॉल्व बसवायचे होते. व्हॉल्वची स्प्रिंग दाबून धरायची, दांड्याच्या खाचेत कॉटरच्या दोन फाका बसवायच्या आणि स्प्रिंग हळूच सोडायची. एकेक फाक करंगळीच्या नखाएवढी. मेस्त्री प्रत्येक फाकेला एक कॉटर म्हणत, म्हणून मीही तसंच धरलं. आठ व्हॉल्व, सोळा कॉटर. हळूच हा शब्द त्यात महत्त्वाचा. पंधरा बसली. सोळाव्याला माझा अंगठा घसरला, टण्ण आवाज झाला आणि कॉटर गेलं.

इंजिन जोडून झाल्यावर दोन-तीन नट उरतात, असा एक विनोद मला भेटलेल्या प्रत्येकानं ऐकवला होता. माझं काहीच उरलं नाही. माझं एक कमी पडलं.

गच्चीवर एका बाजूला वर्षाच्या चटणीच्या मिरच्या पसरल्या होत्या, ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून आठ किलो. दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकवर आईनं नुकतेच घातलेले ओले सांडगे, आणि कावळे हाकायला काठी घेऊन स्वतः आई.

"सांडग्यावर काय पडलं रे?" तिनं विचारलं.

"काही नाही गं, तिकडं मिरच्यांत पडलंय."

"मला टप् ऐकू आलं."

"आई, मी डोळ्यांनी बघितलं."

मिरच्या दोन दिवसांत डंकावर जायच्या होत्या. आठ किलो मिरची लोखंडासकट कुटली गेली, तर डंकवाला आणि बायको ह्यांच्यात पहिला कोण कुटेल, हे सांगता येत नव्हतं. मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि मिरच्यांवरून ओळीनं फिरवत बसलो, शेत कुळवावं तसं. दोन तास. ताळा येईपर्यंत उठायचं नाही ही सवय. दोन खिळे, एक सेफ्टी पिन आणि हरवलेली टाचणी मिळाली. कॉटर नाही. मग माणूस करतो ते मी केलं, डोळे चोळले. खाली आलो तेव्हा शेजारच्या वहिनींनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

मेस्त्रींनी तोंडातून शब्द काढला नाही. कळकट डबा उघडला, त्यातल्या शेकडो तुकड्यांत बोट फिरवलं आणि फियाटचं कॉटर माझ्या तळहातावर ठेवलं. पैसे विचारले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सतरावं ठेवतो तो मेस्त्री."

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. आधी नुसते बघायला. मग "जरा पाना द्या बघू" म्हणून. मग मी पाने देणारा, चिंध्या धरणारा आणि चहा आणणारा झालो. एकदा त्यांचा फोन वाजला. कुणीतरी ट्रकवाला असावा. मेस्त्री म्हणाले, "आज न्हाई जमायचं. न्हाई, कामावर न्हाई. छंदावर हाय."

जूनमध्ये इंजिन पुन्हा गाडीत गेलं. (ह्या वेळी कप्पी आणली, पैलवान रुसले.) मेस्त्री एका लग्नाला गेले होते, ती संधी साधून मी एकट्यानं स्टार्टर मारायचं ठरवलं. सगळं पुस्तकाप्रमाणं: ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन, पहिला पिस्टन वर, त्याच्यासमोर डिस्ट्रिब्युटर. स्टार्टर मारला आणि कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला, की पेठेतली कुत्री पंचगंगेच्या घाटापर्यंत गेली. दुसऱ्यांदा मारला, दुसरा बार. तिसऱ्याला पलीकडच्या गल्लीतनं कुणीतरी ओरडलं, "कोण निवडून आलं रं?"

मेस्त्रींना फोन लावला. पाठीमागं सनई वाजत होती. मी फोन इंजिनजवळ धरून आणखी एक बार काढला. ते लगेच म्हणाले, "चौथ्यावर लावलायसा." पहिला आणि चौथा पिस्टन एकदमच वर येतात, पण एकाच्या डोक्यावर ठिणगी पडायची वेळ असते, तेव्हा दुसऱ्याच्या डोक्यावरून जळका धूर जात असतो. मी धूर जाणाऱ्याला ठिणगी देत होतो. डिस्ट्रिब्युटर अर्धा फिरवून बसवला. पुन्हा स्टार्टर. इंजिन खोकलं, थांबलं, खोकलं, आणि मग धरलं. पांढरा धूर बोळ भरून बाहेर गेला. त्या धुरात आई काठी टेकत दारात आली, कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टॅपेट वाजतायत." तिला टॅपेट म्हणजे काय ते आजही ठाऊक नाही, वडील रोज हे वाक्य म्हणत.

श्रावणात एका सोमवारी मेस्त्रींना जेवायला बोलावलं. श्रावण आणि त्यातून सोमवार, तेव्हा तांबडा-पांढरा बाजूला राहिला आणि बायकोनं सांडग्यांची आमटी केली. मेस्त्री मांडी घालून बसले, भाकरी कुस्करली, ओरपायला लागले. तिसऱ्या-चौथ्या घासाला कट्ट आवाज आला. सगळे थांबले. मेस्त्रींनी जबडा इकडून तिकडं हलवला, दोन बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं, पाण्याच्या तांब्यात बुडवलं, उजेडाला धरलं आणि त्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवलं.

"फियाटचंच हाय," ते म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही, नुसती काठी जमिनीवर एकदा आपटली. टप्.

मेस्त्रींनी कॉटर रुमालानं पुसून शर्टाच्या खिशात टाकलं. "हे माझ्याकडं असू द्या. डब्यात एक कमी पडलं हुतं." मग वाटी पुढं केली. "वहिनी, आमटी वाढा की. सांडगं जरा चाचपून."