खतकाका

जबलपूरच्या रांझीत ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लागल्या की खतकाका बादली घासायला काढतात. खतकाका हा एक इसम नव्हे, ती जमात आहे. कारखान्यांच्या जिवावर वाढलेल्या वस्तीत निवृत्तांच्या दर गल्लीत एक नमुना सापडतोच.

आमच्या नमुन्याची हयात खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात गेली. काही तापू नये, काही पेटू नये, एवढ्यासाठी सरकारनं त्यांना पगार दिला. आता गच्चीवरच्या निळ्या ड्रममधला खताचा ढीग तापावा म्हणून ते भल्या पहाटे थर्मामीटर घेऊन उभे! पण डिसेंबरच्या थंडीत सूक्ष्मजीवसुद्धा रजई सोडत नाहीत. म्हणून ड्रमला गोणपाट, गोणपाटावर काकूंची जुनी शाल. विरजण म्हणून आंबट ताक. काकू आताशा ताक घुसळण्याआधीच विचारतात, "कढी करायची की ढिगाला पाजायचं?"

दिवाळीबद्दल काकांचं मत फारसं बरं नाही. चकलीला ना साल, ना बी! नाताळ मात्र दिलदार सण. जबलपूर म्हणजे मटाराचा मुलूख, आणि हंगाम नेमका हाच. दाणे वाटीभर, टरफलं टोपलीभर. शिवाय संत्र्यांची सालं, केकपायी फुटलेली अंडी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चहाचा चोथा.

25 तारखेला काका कोट-मफलर चढवून शेजारी शुभेच्छा द्यायला जातात. उजवा हात पुढे, डाव्या हातात बादली.

"अंकलजी, केक लीजिए न."

"वो बाद में, बेटा. मटर के छिलके किधर रखे हैं?"

मग तपासणी. अंड्यांची टरफलं धुऊन, वाळवून, चुरलेली असतील तर माल पास. संत्र्याची सालं अख्खी असली तर नापास. बारीक चिरून पुन्हा सादर करावीत. कोंबडीची हाडं जागच्या जागी परत, कारण त्यांच्या वासानं उंदीर येतात. शेजारणीनं बिचारीनं एका वर्षी पाहुण्यांना ताटकळत ठेवून सालं चिरली होती. एक वाटा ओलं, दोन वाटे कोरडं, हा काकांचा मंत्र. कोरडं कमी पडलं तर आत हवा खेळत नाही आणि ढीग घाण मारतो. त्यासाठी वाळक्या पाल्याची पोती पाहुण्यांच्या पलंगाखाली. पाहुणे हल्ली हॉटेलात उतरतात.

महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत आली की काका ड्रमपुढे छाती काढून उभे राहतात. कुणी म्हणालं, कठौंद्याला 2016मध्ये कचऱ्याची वीज करायचा प्रकल्प सुरू झाला, तर खवळतात, "मटाराचं टरफल म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी! पाणी जाळून दिवे लावणार?" मुद्दा बिनतोड असतो, म्हणून लोक रस्ता बदलतात.

फागुनात प्रत्येक घरी 'तपासले, योग्य' अशी चिठ्ठी लावलेली खताची पिशवी पोचते. नाही म्हणायची सोय नसल्यामुळे गल्लीतल्या घराघरांत कुंड्या आल्या. बाग कुणालाच नको होती. पिशवीचं काय करायचं, हा प्रश्न होता.

राहिला प्लम केक. लोणी-साखरेचा ऐवज ढिगात चालत नाही, मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात. काकांना मधुमेह आहे. तरी दरवर्षी ते चार तुकडे संपवतात आणि काकूंकडे न बघता खुलासा करतात, "खतात टाकता येत नाही गं, म्हणून नाइलाजानं खावा लागतो."