आधी ससा, मग पापड

आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी जीन्सच्या कापडाच्या पिशव्या शिवायचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांच्याजवळ दहा हजार रुपये होते. महिन्याभरानं त्यांच्याजवळ एक लोगो, पाचशे व्हिजिटिंग कार्डं, सोशल मीडियाचं एक पॅकेज, एका फ्लेक्सवरची दोन इंच जागा आणि सोळाशे रुपये होते. पिशवी एकही नव्हती.

"भाऊजी, आधी ब्रँड उभा राहायला हवा ना!" त्या म्हणाल्या. शिलाई मशीन कोपऱ्यात उभंच होतं. त्याच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे होते.

लोगो साडेतीन हजारांचा. त्यात एक सुई, एक पान आणि एक उडता पक्षी. पान पर्यावरणाचं, पक्षी स्वातंत्र्याचा. सुई कशाची हे मी विचारलं नाही, कारण ती इतकी जाड होती की पक्षी तिच्यावर बसू शकला असता. नाव इंग्रजी. मराठी ठेवलं तर बचत गटाचं वाटतं, असा लोगो काढणाऱ्या डिझायनर मुलाचा सल्ला. बचत गटाचं वाटलं तर काय बिघडतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्याची स्वतःची आई कदाचित एखाद्या गटाची अध्यक्ष असेल.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्या ८० रुपयांत त्यांनी पापडाचं सामान घेतलं. लोगो घेतला नाही. ती लिज्जतची सुरुवात. जाहिरातीतला तो सशाचा बाहुला, शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, पुष्कळ वर्षांनी आला. तोवर पापड घराघरांत पोचला होता. ससा फक्त सांगायला आला, की हा तोच बरं का, तुम्ही खाताय तो. आमच्याकडे सगळ्यांना आधी ससा हवा असतो. पापडाचं पीठ अजून दळायचंय.

खरं तर आमच्या भागाला जाहिरात शिकवायला बाहेरून कुणी यायची गरजच नाही. बदलापूरहून कल्याणकडे निघालं की अंबरनाथ, आणि अंबरनाथ सोडलं की उल्हासनगर. महायुद्धाच्या काळात तिथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून सगळं मागे टाकून आलेल्या माणसांना त्या बराकींत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं गावाची कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना माणसं एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर कॅम्प असंच सांगतात. या लोकांकडे भांडवल नव्हतं, ओळख नव्हती, आणि मुंबईचं गिऱ्हाईक त्यांच्या मालाकडे नाक मुरडून बघत होतं. त्यांनी काय केलं म्हणतात? मालावर छापलं, 'मेड इन यूएसए'. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! खरं किती आणि गंमत किती, देव जाणे. पण तीन अक्षरांत अख्ख्या गावाची जाहिरात झाली, ती पंचाहत्तर वर्षं लोक फुकटात करतायत, मीही आत्ता केली. (नक्कल करा असं मी म्हणत नाही. नकलेची शिक्षा त्या गावानं पुढं पुष्कळ भोगली. चांगला माल काढला तरी लोक हसून विचारतात, 'उल्हासनगरचा ना?')

तर वहिनी कापड आणायला उल्हासनगरला गेल्या. जीन्स कापली की कातरण उरतं, ते गोणीत भरून किलोवर विकतात. एक काळ असा होता, की वालधुनी नदीच्या पाण्याचा रंग बघून यंदा कुठल्या शेडची फॅशन आहे ते कळायचं, असं इकडे म्हणतात. वहिनींनी गोणीचा फोटो काढायला मोबाइल वर केला. "पडद्यामागची गोष्ट" या पोस्टसाठी. दुकानातले शेठ म्हणाले, "मॅडम, पहले माल देखो. फोटो बाद में." ते दुकान मी पाहिलंय. लोगो नाही, पाटीवरचं अर्धं नाव पुसलंय, आणि गिऱ्हाईक रांगेत उभं असतं.

आता फ्लेक्स. स्वतंत्र फ्लेक्स परवडेना, म्हणून वहिनींनी हजार रुपये देऊन एका मंडळाच्या नवरात्रातल्या फ्लेक्सवर 'सौजन्य' मिळवलं. वर दादा, दादांच्या वर मोठे दादा, बाजूला गोलांमध्ये बावीस कार्यकर्ते, चष्मा लावलेले आणि चष्मा हातात धरलेले. खाली उजव्या कोपऱ्यात वहिनींचा पक्षी. त्या कोपऱ्यापुढे रिक्षा स्टँड. नऊ दिवस पक्षी रिक्षाच्या टपामागे होता. दहाव्या दिवशी रांगेतली पहिली रिक्षा हलली, तेव्हा तो दिसला. अकराव्या दिवशी फ्लेक्स उतरला.

यात नवं काहीच नाही म्हणा. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी आहे, आणि त्याच्या अमात्य-अधिकाऱ्यांची नावं आहेत, ओळीनं, पदासकट. भिंतीवर बोटभर जागा न सोडता ज्यांनी ती नक्षी कोरली, ते हात कुणाचे, हे आज कुणालाही सांगता येत नाही. हजार वर्षांत आमच्या तालुक्यात फ्लेक्सची मांडणी बदललेली नाही. फक्त दगड महाग झाला.

मग प्रदर्शन. 'भव्य प्रदर्शन व विक्री', दोन दिवस, टेबलाचे तीन हजार. हे पैसे भाऊंनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, गप्प बसून दिले. तोवर पंधरा पिशव्या शिवून झाल्या होत्या. हॉलमध्ये चौतीस टेबलं. भाजणी, लोणची, ऑक्सिडाइज्डचे दागिने, सुगंधी मेणबत्त्या, पुन्हा ऑक्सिडाइज्डचे दागिने. आलेल्या बायकांत निम्म्या स्टॉलवाल्यांच्या नणंदा. वहिनींच्या चार पिशव्या गेल्या, बाराशे रुपयांच्या. त्यातल्या तीन शेजारच्या टेबलांनी घेतल्या. बदल्यात वहिनींनी मेणबत्ती, कानातले आणि कैरीचं लोणचं घेतलं, नाही घेतलं तर वाईट दिसतं म्हणून. अशा प्रदर्शनात चौतीस बायकांचे पैसे दोन दिवस हॉलमध्ये गोल गोल फिरतात. आणि संध्याकाळी हॉलबाहेर पडतात ते फक्त आयोजकाबरोबर, कारण तो कुणाकडूनच काही घेत नाही. दमलेला असतो.

सोशल मीडियाच्या तीन हजारांत महिन्याला बारा पोस्ट आल्या. त्यातल्या सात शुभेच्छांच्या. सोमवार प्रेरणा, मैत्री, पाऊस, चहा. पिशवी चहाच्या कपामागे, जरा धूसर. वर पाचशे रुपयांचं 'बूस्ट' केलं, तर जौनपूर आणि दिब्रुगढहून अंगठे आले. बूस्ट करताना गाव आणि अंतर निवडता येतं, हे पॅकेजवाल्या मुलानं सांगितलं नाही, त्याला ते माहीत असेल याची खात्रीही नाही. एकानं विचारलं, "होलसेल में मिलेगा?" एक काका रोज सकाळी सहाला कमळाचं चित्र पाठवतात. बाकी बायका खाली लिहितात, "किंमत?" मुलगा उत्तर देतो, "कृपया इनबॉक्स बघा." आता मला सांगा, मंडईत भाजीवाल्यानं 'मेथी कशी?' याला 'बाजूला या, कानात सांगतो' असं उत्तर दिलं, तर तुम्ही मेथी घ्याल, की पोलिसांना फोन कराल?

दरम्यान एका एजंटानं उद्यम नोंदणी करून देण्याचे दोन हजार मागितले. ती सरकारी वेबसाइटवर आधार आणि पॅन क्रमांक घालून घरबसल्या होते. शुल्क शून्य. हे मी वहिनींना सांगितलं, तर त्यांना ते खरं वाटेना. फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार, हा आमच्याकडचा अनुभव. एजंटाचा धंदा त्या अनुभवावर चालतो. त्याला व्हिजिटिंग कार्ड लागत नाही.

एवढं सगळं झाल्यावर धंदा चालला तो कुणामुळे? नणंदेमुळे.

वहिनींची नणंद फोर्टात नोकरीला. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, एका बाजूला दीड तास, रोज. तिनं उरलेल्यांतली एक पिशवी उचलली, डब्याला होईल म्हणून. लेडीज डब्यात ती हुकला लटकली. आता बदलापूरचा लेडीज डबा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना बाजारपेठ म्हणजे काय ते समजणं कठीण आहे. तिथं मटार सोलले जातात, स्थळं जुळतात, मुलांच्या क्लासचे निकाल लागतात. तिथं एकमेकींची साडी रोज तपासली जाते. जाहिरातवाल्या कंपन्या ज्याच्यासाठी लाखो रुपये मोजतात ते, म्हणजे दीड तास एका जागी बसलेलं, अडकलेलं, चौकस गिऱ्हाईक, तिथं पासाच्या पैशात मिळतं.

तिसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीला कुणीतरी विचारलं, "कुठून घेतलीस गं?"

इथं जरा कायदा सांगतो. परवान्याशिवाय गाडीत माल विकायला रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नं बंदी आहे. दंड आहे, कैदही आहे. कानातल्यांची पाटी घेऊन चढणाऱ्या बायका रोज हा धोका पत्करतात, आणि गर्दीत तोल सांभाळत हिशेबही चोख करतात. पण 'कुठून घेतलीस गं' या प्रश्नाला कुठल्याही कायद्यात कलम नाही. नणंदेनं काहीही विकलं नाही. तिनं फक्त उत्तर दिलं. ठाण्यापर्यंत पाच जणींनी नंबर घेतला होता.

आणि नुसता नंबर घेऊन डबा थांबला नाही. छत्रीला वेगळा कप्पा हवा, ओली छत्री डब्याला लागते. मोबाइलचा खण आतून आणि चेनचा हवा, गर्दीत बाहेरचा खण आपला नसतोच. पट्टा इतका की पिशवी छातीशी धरता येईल. आणि तो पक्षी काढा, त्याच्यामुळे ती पिशवी दवाखान्यानं फुकट वाटल्यासारखी दिसते. असा सल्ला द्यायला एखाद्या संस्थेनं अहवाल केला असता, पन्नास पानं, स्पायरल बायंडिंग. इथं तो मुंब्रा ते दिवा या टप्प्यात पूर्ण झाला, परतीच्या गाडीत.

त्याच्यापुढचा टप्पा संक्रांतीचा. वाण ही चीज कुणा विपणनतज्ज्ञानं शोधून काढली असती, तर त्याच्यावर पुस्तकं निघाली असती. आमच्या आज्यांनी काढली म्हणून ती 'प्रथा' झाली. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. एकेका घरी तीस-चाळीस बायका, प्रत्येकीला तीच एक वस्तू. दरवर्षी तीच प्लॅस्टिकची डबी. ती घरी जाते आणि तिच्यात गेल्या वर्षीची डबी बसते. वहिनींनी कातरणाचे छोटे बटवे शिवले, लोकलचा पास आणि सुटे पैसे मावतील एवढे. वाणाला एका नगामागे किती जातात, हे डब्यातल्या मैत्रिणींना विचारून त्याच्या आत किंमत बसवली. किंमत उघड सांगितली, इनबॉक्सात नाही. पहिल्या वर्षी सहा घरांनी घेतले, मिळून दोनशे दहा. म्हणजे दोनशे दहा बायकांच्या पर्समध्ये वहिनींचा माल गेला, आणि तो पोचवायचा खर्च गिऱ्हाइकानं केला, वर तिळगूळ दिला. त्या दोनशे दहा जणींत पुढच्या वर्षी वाण द्यायची पाळी असणाऱ्या बायका आहेतच. फक्त शिवायला दिवाळीआधी बसावं लागतं. मकरसंक्रांत बहुतेक १४ जानेवारीलाच येते, तरी आमच्याकडे ती सगळ्यांना अचानक येते.

आता वहिनींचं मशीन दुपारभर चालतं. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर गेलेत. गेल्या महिन्यात तो डिझायनर मुलगा आला होता. ब्रँड आता 'पुढच्या लेव्हलला' न्यायचा म्हणाला. वहिनींनी त्याला चहा दिला, आणि आईसाठी एक बटवा दिला, पैसे घेऊन.

बटव्याला तळाशी ताठपणा येत नव्हता, ती अडचण मात्र पुष्कळ दिवस होती. बाजारातला पुठ्ठा जाड पडायचा, सुई मोडायची. परवा मी सहज बटवा उलटा करून तळाला बोट लावलं, तर अगदी बेताचा कडक, चारी कोपरे नीट. "काय घातलंत वहिनी?"

"कार्डं," त्या म्हणाल्या. "पाचशेतली दोनशे नव्वद उरलीत अजून."