दही, अशोक आणि पंधरा किलोमीटर

घराबाहेर पडताना सासूबाईंनी आमच्या हातावर दही-साखर ठेवली. माझ्या थोरल्या साडूंनी ती मुकाट्याने चाटली, हात रुमालाला पुसला आणि मग खिशातून छापील कागद काढून म्हणाले, "आई, हे असलं सम्राट अशोकाला पसंत नव्हतं."

"तो कुठं यायचाय तुमच्याबरोबर?" सासूबाई म्हणाल्या आणि एक जड पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली.

खरं तर अशोकापायीच आमची ही पायपीट होती. वसई तालुक्यात त्याच्या शिलालेखांचे दोन तुकडे सापडले आहेत. पहिला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला. दुसरा १९५६ साली भुईगावात, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना. पहिला आठव्या आज्ञेचा, दुसरा नवव्या आज्ञेचा. आठवीत अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार करीत, मौजमजा करीत. मी मात्र अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्षाकडे गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा करतो. नववीत त्याची तक्रार आहे : आजारपणात, लग्नात, मूल झालं की आणि प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगलं करतात, त्यात बायका तर फारच. करा म्हणतो, पण फळ थोडं.

म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाने आमच्या सासूबाईंच्या दह्याची दखल घेतली होती, आणि तीही दगडावर. बँकेतून निवृत्त झालेल्या साडूंना हे कळल्यापासून चैन नव्हतं. मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी बेत ठरवला : वसईच्या किल्ल्यापासून भुईगावमार्गे सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत, साधारण पंधरा किलोमीटर, चालत. रिक्षा निषिद्ध. "रिक्षा म्हणजे विहारयात्रा," त्यांनी निकाल दिला.

किल्ल्यात आम्ही सकाळी सातला पोचलो, तर तिथे तीन नवऱ्यामुली आधीच हजर होत्या. लग्नं व्हायची होती. फोटो चालले होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, आणि आता ती फोटोग्राफरांच्या ताब्यात आहे. पडक्या चर्चमध्ये जमिनीला बसवलेले कबरींचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. त्यातल्या एकावर एका वधूचा घागरा पसरून ठेवला होता. "जरा सरका ना काका," फोटोग्राफर म्हणाला. साडू कोरीव अक्षरं बोटाने चाचपत होते. ते सरकले, पण पुटपुटले, "खाली माणूस आहे हो."

इथल्या घंटाही इथे राहिल्या नाहीत. मराठ्यांनी त्या जिंकून नेल्या. वसईच्या मोहिमेतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळच्या मेणवलीला. "बघा, इथल्या घंटासुद्धा आपल्यापेक्षा जास्त चालल्या," मी म्हणालो. साडू म्हणाले, "त्या बैलगाडीतून गेल्या असतील. विहारयात्रा."

पारनाका मागे टाकेपर्यंत माझा डावा बूट बोलायला लागला होता. नवा बूट लांबच्या वाटेला घालू नये, हे कुठल्याही शिलालेखात नाही. असायला हवं होतं. मी कुरकुर केली तेव्हा साडूंनी सेंट गोन्सालो गार्सियांची गोष्ट काढली. हे वसईचे, भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. जपानमध्ये पकडले गेल्यावर त्यांना सोबत्यांसह क्योटोपासून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात महिनाभर चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मारलं. त्यानंतर भुईगाव येईपर्यंत मी बुटाबद्दल एक शब्द काढला नाही. बूट मात्र बोलत राहिला.

गिरीज सोडलं की वसई खरी सुरू होते. रस्ता दोन रिक्षा एकमेकींना शिव्या न देता जाऊ शकणार नाहीत इतका अरुंद. दोन्हीकडे केळीच्या वाड्या, जास्वंद, पानवेली. दर थोड्या अंतरावर एखादं बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं, जमिनीत मुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. हिरवी शेवाळी साय आलेली आणि काठावर एक बगळा ध्यानाला बसलेला. हे हिरवेपण टिकावं म्हणून इथे हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचे पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वाटेच्या जरा पुढच्या, नंदाखालचे. त्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. बावखलाच्या काठी उभं राहिलं की साहित्य आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला का महत्त्वाच्या वाटल्या, ते फार समजावून सांगावं लागत नाही.

नवव्या आज्ञेत खरं मंगल कोणतं तेही दिलं आहे : नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांशी संयम, दान. भुईगावच्या वळणावर साडूंनी हे मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि "प्राण्यांशी संयम" या शब्दांवर तीन कुत्री आली. आम्ही संयम पाळला. कुत्र्यांनी ती आज्ञा वाचलेली नव्हती. पाहता पाहता साडू एका कुंपणाच्या पायरीवर चढले, कागद पुढे धरून, ढाल धरावी तसा. तेवढ्यात आतून लाल लुगड्यातली एक आजी आली, तिने कुत्र्यांना एकच शब्द सुनावला आणि ती शेपट्या घालून गेली.

"कुठं चाललाव?"

"सोपाऱ्याला. चालत."

"चालत?" तिने आमच्याकडे, मग बुटाकडे पाहिलं. आतल्या सुनेला ती इथल्या कादोडी बोलीत काहीतरी म्हणाली. आम्हाला त्यातला एकच शब्द कळला, "रिक्षा". सून हसली, आजी हसली, आणि आम्हाला तांब्याभर पाणी मिळालं. आठव्या आज्ञेत अशोक म्हणतो की धर्मयात्रेत खेड्यापाड्यातल्या लोकांची भेट घ्यावी आणि त्यांना धर्माबद्दल सांगावं. आमच्या बाबतीत हे नेमकं उलटं झालं.

वाघोली, मग निर्मळ. इथे तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानतात. कार्तिक वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. ती नुकतीच होऊन गेली होती, पण सुकेळी मिळाली. राजेळी केळं सोलून, उन्हात वाळवून केलेली, मधासारख्या रंगाची आणि चिकट. साडूंनी अर्धा किलो घेतली आणि चार जागच्या जागी खाल्ली. "दान," ते म्हणाले, "स्वतःपासून सुरू होतं."

सोपाऱ्यात शिरलो तेव्हा साडूंच्या घड्याळाने बावीस हजार पावलांची नोंद करून अभिनंदन केलं. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, पांडव तीर्थयात्रेत जिथे आले असं महाभारत सांगतं ते बंदर, आता मोबाइलची दुकानं आणि शेअर रिक्षांच्या आरोळ्यांत आहे. स्तूप मात्र शांत. विटांचा एक टेकाडासारखा ढिगारा; गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. इंद्रजींनी १८८२ साली तो खोदला तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, तिच्यात सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत? मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले.

झाडाखाली बसून आम्ही सासूबाईंची पिशवी उघडली. पिशवीत पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, त्यात स्टीलचा डबा, डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, भाजीखाली फडक्यात गुंडाळलेली झाकणाची वाटी. साडूंनी पुराणवस्तू खात्याच्या हलकेपणाने झाकण काढलं. आत दही. परतीच्या प्रवासासाठी. दिवसभराच्या उन्हाने पार आंबलेलं.

साडू बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिले. मग चमचाभर त्यांनी घेतलं, चमचाभर मी. कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

स्टेशनपर्यंत आम्ही रिक्षा केली. रविवारची संध्याकाळ, जीवदानीहून उतरलेले भाविक, अर्णाळ्याहून परतणारी वाळूभरली मुलं, त्यांचे आईबाप, फुगे. विरारहून गाडी आली ती दारापर्यंत भरून. आम्ही कसेबसे आत ढकलले गेलो, आणि काय झालं कळलं नाही, पण आमच्यासमोरची दोन माणसं एकदम वसईला उतरायला उठली. दोघांनाही जागा मिळाली. साडूंना तर खिडकी.

असल्या मंगलांचं फळ थोडंच मिळतं, असं अशोकाने लिहून ठेवलं आहे. रविवारी संध्याकाळी विरारच्या गाडीत खिडकी मिळणं याला थोडं म्हणतात, असं वाटणारा माणूस लोकलने कधी गेलेला नसावा.