चांदणीकाका

ज्याची उभी हयात सरकारी कागदांच्या सहवासात गेली, त्याला निवृत्तीनंतर कागदावाचून करमेनासे झाले तर त्यात नवल नाही. आणि क्विलिंग नामक कलेने अशा कित्येक सद्गृहस्थांना हल्ली जो आश्रय दिला आहे, तो पेन्शनीच्या आश्रयाहून यत्किंचितही उणा नाही. आमच्या सोसायटीतले चांदणीकाका हे या वर्गाचे अस्सल प्रतिनिधी होत. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडताना त्यांनी दफ्तर तिथेच ठेवले. दफ्तरी स्वभाव मात्र सोबत आणला.

वास्तविक कृती एवढीच, की 3 किंवा 5 मिलिमीटर रुंदीची रंगीत पट्टी खाचेच्या सुईत अडकवून गुंडाळावी, गुंडाळी किंचित सैल सोडावी, दोन बाजूंनी चिमटीत दाबून तिची डोळ्याच्या आकाराची पाकळी करावी, आणि अशा सहा पाकळ्या मधल्या घट्ट टिकलीभोवती चिकटवल्या की चांदणी सिद्ध झाली. परंतु काकांच्या अंमलात इतक्या सरळपणे काहीही सिद्ध होत नाही. फेव्हिकॉलचा थेंब दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावयाचा. अधिक दिसल्यास खुलासा मागविण्यात येतो. पट्टीचे टोक कात्रीने कापण्यास सक्त मनाई. ते हातानेच फाडावयाचे, कारण फाटक्या कडेचा सांधा डोळ्यांस दिसत नाही. कड फाटल्याच्या सबबीवर ज्या हातांनी कित्येक कुळांचे अर्ज नामंजूर केले, तेच हात आता ती कड किती नजाकतीने फाडतात, हे पाहावयास ती कुळे हजर असावयास हवी होती!

सहा पाकळ्यांची चांदणी, कोन सरळ 60 अंशांचा असल्याने, ते नवशिक्यांच्या हवाली करतात. पाच पाकळ्यांचा मामला, म्हणजे 72 अंशांचा, स्वतःच्या अखत्यारीत ठेवतात. आलेखकागदावर कोनमापकाने आखणी, वर प्लास्टिकचे आवरण, पाकळीगणिक टाचणी, असा बंदोबस्त झाल्यावर समोरच्या मनुष्यास एक पाकळी धरून बसण्याचा हुकूम होतो, आणि गोंद वाळेपर्यंत त्याला कलेची वंशावळ ऐकावी लागते: युरोपातील मठांतल्या जोगिणी, 18 व्या शतकातल्या इंग्रज कुलस्त्रिया, आणि जेन ऑस्टिनच्या 1811 सालच्या कादंबरीत टोपलीच्या नक्षीसाठी कागद गुंडाळू लागलेली नायिका. हात गुंतलेला असल्याने उठून जाण्याची सोय नसते, ही गोष्ट काकांच्या ध्यानात नसेल असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

तयार मालाची विल्हेवाट हा खरा प्रश्न. वास्तुशांत, मुंज, साठी, फार काय एका शेजाऱ्याचे मूळव्याधीचे ऑपरेशन, यांपैकी कोणताही प्रसंग चांदणीवाचून पार पडला नाही. बरे, घेऊन कपाटात टाकावी म्हटले तर काका अधूनमधून फिरतीवर निघतात, आणि भिंतीकडे पाहत चहा घेतात. म्हणून सर्व बिऱ्हाडांनी मसलत करून वॉचमनला मुक्रर केले, की काका जिना चढू लागताच त्याने वरच्या मजल्यांवर फोन करावा आणि चांदण्या भिंतींवर रुजू व्हाव्यात. ही व्यवस्था दिवाळीपर्यंत सुरळीत चालली. पुढे वॉचमनलाच क्विलिंगचा नाद लागला. हल्ली काका फिरतीवर निघाले की तो पट्ट्यांचा डबा घेऊन त्यांच्या मागोमाग असतो, आणि चांदणी जागेवर नसल्यास काकांच्या आधी तोच विचारतो.