गावचा जावई आणि दीडची भरती

माणसाने सासरवाडीला तीन दिवसांच्या वर राहू नये, असं आमच्या आजीचं ठाम मत होतं. मी सासरवाडीला कायमचाच राहायला आलो. ठाण्याच्या बँकेतून निवृत्त झालो त्याच महिन्यात बायको म्हणाली, "माहेरचं घर बंद पडलंय, दादा किल्ली देतोय, जाऊया." घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून दीडशे पावलांवर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाने माझं नाव फार ठिकाणी घेतलं आहे, निदान मी तरी त्याचं घेऊ नये.

जावई म्हणून येण्यात एक गैरसोय आहे, ती कोणी आधी सांगत नाही. जावयाला गाव रागवत नाही. आमच्या वाडीतला रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल (म्होरक्या) नात्याने बायकोचा चुलत-चुलत भाऊ, वयाने माझ्याहून मोठा, पण मला "भावजीनू" म्हणतो आणि माझ्या कुठल्याही पराक्रमावर "बरां केलात" एवढंच बोलतो. वर्षभर मी ती शाबासकी समजत होतो. ते मालवणी 'बरां' होतं, त्याचे अर्थ कोशात सापडत नाहीत.

मी आलो तो किनारा सुधारायच्या तयारीनेच. ठाण्याला खाडीचा वास घेत तीस वर्षं काढली, आता खरा समुद्र मिळालाय तर त्याची सेवा करायची. पहिली सेवा आमच्या कुंपणासमोरच्या वाळूची. तिथे आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळट फुलांची एक वेल वाटेल तशी पसरली होती. तण! मी तीन दिवस खपून ती मुळासकट उपटली आणि वाळू अशी लख्ख केली की जाहिरातीत शोभावी. पुढे जून आला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्यामुळे बघायला अख्खी वाडी मोकळी होती. पहिल्या मोठ्या उधाणात माझी लख्ख वाळू गेली, मागोमाग कुंपणाचे सात खांब गेले, आठव्याला मी धावत जाऊन मिठी मारली. शेजारच्यांच्या पुढची वेल होती तिथे, वाळू जागच्या जागी.

तांडेल छत्री घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "भावजीनू, त्या वेलाक मर्यादवेल म्हणतत."

"का?"

"समुद्राक मर्यादा दाखवता म्हणान." मग थोडं थांबून, "पण तुमी साफ बरां केलात."

पावसाळ्यानंतर मी शेजाऱ्यांकडून वेलीचे तुकडे मागून आणले आणि लावले. त्यांनी दिले. हसले नाहीत. जावई!

दुसरं प्रकरण कासवाचं. थंडीच्या दिवसांत आमच्या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात हे वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. रात्री येणार, दीडेक फूट खड्डा करणार, शंभराच्या वर अंडी घालणार, वाळू लोटून वरून स्वतःच्या अंगाने थोपटणार आणि उजाडायच्या आत परत. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी उबवायचं काम वाळूचं. त्यातही गंमत अशी की मुलगा की मुलगी हे वाळूच्या उबेवर ठरतं, जास्त तापली तर मुली. हे सगळं मी बायकोला इतक्या वेळा सांगितलं होतं की ती स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य पुरं करायची.

आणि एका पहाटे मला माग दिसला! पाण्याच्या बाजूने वर आलेला, हातभर रुंद, मधूनमधून खरवडल्यासारखा. मी भोवती चार काठ्या रोवल्या, सुतळी बांधली, एका कुत्र्याला हाकललं (ते आमचंच होतं) आणि वनखात्यासाठी घरट्यांची राखण करणाऱ्या पोरांपैकी, म्हणजे कासवमित्रांपैकी, एकाला फोन लावला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कासव पहिल्या परिशिष्टात आहे, उशीर नको, हेही फोनवरच सांगितलं. तो बिचारा तोंडही न धुता आला. वाकून बघितलं, जरा पुढे गेला, मागे आला.

"काका, कासव येता आणि जाता. दोन माग व्हये. ह्या फक्त इला. गेला खंय?"

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे ती अजून इथेच आहे! आम्ही मागावरून निघालो. माग सुरूच्या झाडांतून गेला, पायवाट ओलांडून गेला, आमच्या फाटकातून आत शिरला आणि पडवीत ठेवलेल्या गोणीपाशी संपला. आदल्या रात्री किनाऱ्यावर गोळा केलेल्या बाटल्यांची ती गोणी मीच ओढत आणली होती. पाठ धरली होती म्हणून उचलली नव्हती.

बायको दारात रांगोळी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "अंडी इथेच घातलीत का?"

इथवरचं सगळं वाडीत राहिलं. गाडीचं राहिलं नाही.

झालं असं की सप्टेंबरचा तिसरा शनिवार आला. त्या दिवशी जगभर किनारे साफ करतात. आमच्याकडे मी करायचं ठरवलं. तयारी आठ दिवस आधीपासून. सर्वांत आधी किनाऱ्याच्या तोंडाशी फलक लावला. मजकूर माझा, रंग माझा, अक्षर माझं: 'वाहन वाळूत नेऊ नये. वाळूखाली जीव आहेत.' खाली माझं पूर्ण नाव, कारण बायको म्हणाली, निनावी फलकाला कोण विचारतो. त्या सकाळी सातला तर मी काही जीपवाल्या पोरांना फलकाखाली उभं करून दहा मिनिटं सुनावलं. घरट्यांवरून चाक गेलं तर काय होतं, टायरच्या खोल चाकोरीत कासवाची पिल्लं कशी अडकतात, सगळं. पोरं वरमून जीप वर लावून किनाऱ्यावर पायी आली. मी खूश.

भरतीचा हिशोबही मीच केला होता. सासऱ्यांनी शिकवलेला सोपा हिशोब आहे, किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला येतो: तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. थोडं इकडेतिकडे. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्या दिवशी द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दीडला भरती. बँकेत पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला दोनाची पाऊणपट चुकायची नाही आणि चुकलीही नाही. चूक पुढे होती. दीडला भरती म्हणजे दीडला पाणी यायला लागणार, असं मी गृहीत धरलं, दीडची एस्टी दीडला यावी तसं. एस्टीच्या बाबतीतही मी हे कधी गृहीत धरलं नव्हतं. पाणी सव्वासातपासूनच चढत होतं. दीडला ते भरून उभं राहणार होतं. आणि द्वितीया म्हणजे नुकतीच अमावास्या होऊन गेलेली, पाणी उधाणाचं. हे पाचवीतल्या पोरांना माहीत होतं, आणि शाळेची पंचवीस पोरं तिथे मदतीला होती. पण मी त्यांना विचारलं नाही. मी त्यांना भाषण केलं.

कचरा भरपूर निघाला. पाण्याच्या बाटल्या, दारूच्या बाटल्या, थर्माकोल, नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते, दात घासायचे ब्रश आणि चपला. चपलांचं एक कोडं मला अजून सुटलेलं नाही, एकोणीस चपला मिळाल्या आणि एकीचीही जोडी जुळेना. तेवीस गोण्या भरल्या. सव्वाअकरा झाले. गोण्या रस्त्यापर्यंत नेणार कोण? हातगाडीवाला आला नव्हता. माझी नजर आमच्या लाल गाडीवर गेली.

आता हे कसं सांगू? मला फलक दिसला. माझंच नाव असलेला फलक मला दिसला. पण मनात अगदी स्वच्छ विचार आला की ही गाडी गाडी नव्हे, ही ॲम्ब्युलन्स आहे. शिवाय मी ओल्या, टणक वाळूवरूनच नेणार होतो, तिथे घरटं नसतं आणि चाकही रुतत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त ती टणक वाळू लवकरच समुद्र होणार होती.

सहा गोण्या भरेपर्यंत पहिली लाट चाकाला टेकली. मी म्हटलं, चुकार असेल. दुसरी आली तेव्हा उडी मारून आत बसलो आणि घाईत गाडी वरच्या कोरड्या वाळूकडे वळवली. पुढची चाकं भुसभुशीत वाळूत आणि मागची पाण्यात. ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे गेली नाही, खाली गेली. आणखी दाबला, आणखी खाली गेली. एक पोरगा खिडकीशी येऊन नम्रपणे म्हणाला, "काका, तुमी खड्डो खणतास."

ओली वाळू चाकाभोवती कशी घट्ट होते हे मी त्या दिवशी फार जवळून पाहिलं. लाट येते तेव्हा वाळू सैल होऊन चाक दोन बोटं उतरतं, लाट परतते तेव्हा चाकाखालचीच वाळू ओढून नेते आणि बाजूची येऊन आवळते. कोणी चाकांखाली झावळ्या घातल्या, कोणी टायरमधली हवा कमी केली, कोणी गोळा केलेली गोणीच चाकाखाली सारली, ती फुटली आणि एकोणीस चपला पुन्हा समुद्राकडे निघाल्या. पेडलपाशी पाणी आलं. सकाळी सुनावलेली जीपवाली पोरं मोबाईल उभा धरून चित्रण करत होती. त्यांनी फलकापासून सुरुवात केली होती.

तेवढ्यात पलीकडे रापण ओढून मोकळी झालेली मंडळी आली. तीसेक माणसं, बायकाही. तांडेलाने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा पाण्याकडे, एकदा माझ्याकडे. 'बरां केलात'सुद्धा म्हणाला नाही तेव्हा मी खरा घाबरलो. त्याने रापणीचा दोर गाडीच्या हुकाला अडकवला, दुसरा दोर मागून फिरवून घेतला आणि जाळं ओढायला उभ्या राहतात तशा दोन्ही दोरांवर दोन रांगा लावल्या. लाट येऊन गाडी जरा हलकी झाली की त्याचा हात वर जायचा, सगळे एका दमात मागे रेलायचे, लाट गेली की नुसतं धरून ठेवायचे. मी नेमका उलटा, लाट गेल्यावर जीव खाऊन ओढत होतो. पुढच्या म्हातारीने वळून न बघता सांगितलं, "भावजीनू, नुसतो हात लावून ऱ्हवा."

पंधरा मिनिटांत गाडी झाडांखाली. दारातून पाणी गळत होतं, आणि मागच्या सीटखालून एक कुर्ली बाहेर आली आणि आपल्या वाटेने गेली.

मी खिशात हात घातला. तांडेलाने तो तिथेच धरला. "पैसे नको. रापण ओढली की वाटो गावता. तुमचो वाटो घेवा." मला वाटलं थट्टा. पण त्याने खरंच टोपलीतून पाच बांगडे काढले आणि पुढे केले. "ओढलात मां तुमीय?"

हल्ली या टोपल्या लवकर भरत नाहीत. मोठ्या पर्ससीन नौकांनी खोल पाण्यात घेर टाकला की रापणीच्या वाट्याला काय उरणार, हे भांडण मालवणच्या किनाऱ्यावर जुनं आहे. त्या दिवशी तीस माणसांच्या दोरीला आलं होतं ते दोन टोपल्या. त्यातले पाच मला. नाही म्हणायची सोय नव्हती. प्लास्टिकची पिशवी घ्यायला तोंड नव्हतं. शेवटी डोक्यावरची टोपी काढली आणि बांगडे तिच्यात घेतले. टोपीवर 'माझा किनारा' असं मीच छापून घेतलं होतं.

गाडी चालू होणार नव्हती. मंडळींनी ती ढकलत, ओढत आमच्या फाटकाशी आणून सोडली. बायको पडवीत उभी होती. चित्रफीत तिला आमच्याआधी पोचली होती. तिने टोपीतले बांगडे पाहिले, गाडी पाहिली, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. किनाऱ्यापासून फाटकापर्यंत वाळूत रुंद, खरवडलेला माग उमटला होता.

"या खेपेला मोठं आलंय," ती म्हणाली आणि टोपी घेऊन आत गेली.