आदर्श विद्यार्थी, नॉन-अटेंडिंग

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने कसे वागावे, याची नियमावली आता कॉलेजोकॉलेजी मिळते. नखे कापलेली, केस बांधलेले, ॲप्रन इस्त्रीचा, ओळखपत्र छातीवर, वॉर्डात मोबाइल बंद. पेशंटशी गोड बोलावे, त्याचे गुपित पोटात ठेवावे, ॲप्रन घालून रील काढू नये. नर्सिंग, फार्मसी, एमबीबीएस, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. यातला एकही नियम न मोडणारा विद्यार्थी आमच्या बीड जिल्ह्यात भेटेल का, असे नेकनूरच्या बाजारात परवा कुणीतरी विचारले. भेटेल म्हणजे काय, पोत्याने भेटतील! आमच्याकडे त्यांना ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणतात.

फीच्या वर थोडी रक्कम मोजली की हा विद्यार्थी कॉलेजात येत नाही. येतच नाही, त्यामुळे उशिरा येत नाही. त्याचा ॲप्रन मळत नाही, तो सरांना उलट बोलत नाही, पेशंटचे गुपित फोडत नाही. पेशंट पाहिलेलाच नसतो, फोडणार काय? हजेरीपटावर मात्र त्याची हजेरी नियमाला लागते तेवढी, वर दोन टक्के घसघशीत.

वर्षातून एकदा पाहणी समिती येते तेव्हा त्याला दर्शन द्यावे लागते. त्या दिवशी बीडहून ॲप्रनचा गठ्ठा येतो. घड्या मोडलेल्या नसतात, कॉलरला किमतीची चिठ्ठी तशीच असते. कॉलेजचे गेट कोणत्या बाजूला, हे जीपवाला सांगतो. अशाच एका पाहणीत साहेबांनी पोराला औषध कुटायचा खल विचारला म्हणतात, “मॉर्टर कुठंय?” पोरगा शेतकऱ्याचा. म्हणाला, “विहिरीवर.” तरी अहवाल चांगला गेला. साहेबांचे जेवण झालेले होते.

डी. फार्म.च्या पोराला पुढे ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते, दवाखान्यात नाहीतर मेडिकलवर. पाचशे तासांचा फॉर्म ओळखीच्या काउंटरवर पाच मिनिटांत भरून होतो. मग नोंदणी होते, सर्टिफिकेट येते, आणि ते भाड्याने लागते. (नेकनूरच्या मेडिकलवाल्यांनी अंगावर घेऊ नये. ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राची आहे, आम्ही तिला फक्त स्टँडवर उतरवून घेतले.)

१९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या नियमांनी त्याला स्वच्छ पांढरा ॲप्रन आणि नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्लाही लावला. मेडिकलच्या भिंतीवर पाहा, काचेच्या चौकटीत हा गृहस्थ सर्व नियम पाळून बसलेला असतो. पांढरा शर्ट, भांग नीट, क्रमांक ठळक, कुणावर खेकसणे नाही. खाली गोळ्यांचे पाकीट कात्रीने कापून देतो तो मालकाचा मेव्हणा. टी-शर्टवर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात, शिक्षण बारावी, तेही कला शाखेचे. पण वर्तनाबद्दल विचाराल तर भिंतीवरच्याने कॉलेजात धरलेला नेम नोकरीतही मोडलेला नाही.

विद्यार्थ्यांचे झाले, थोरांचेही पाहू. डॉक्टरांसाठी नवे वर्तन-नियम २ ऑगस्ट २०२३ ला निघाले. औषध जेनेरिक नावाने लिहा, असे त्यात होते. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि २३ ऑगस्टला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम स्थगित करून २००२ चे जुने पुन्हा चालू केले. एकवीस दिवस! आमच्याकडे सप्ताहसुद्धा असा मध्येच गुंडाळत नाहीत, ठरल्या दिवशी काला होतोच. विद्यार्थ्यांच्या नखांचा नियम मात्र तसाच लागू राहिला.

आणि २०१९ साली याच जिल्ह्यात ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पंचवीस-तिशीतल्याही त्यात होत्या. पिशव्या काढणारे नॉन-अटेंडिंग नव्हते. कॉलेजात गेलेले, शपथ घेतलेले, नखे कापलेले लोक होते. पुढे खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, असा नियम आला. म्हणजे नियमावली होतीच, तिच्यावर आणखी एक नियमावली.

आता या सगळ्यात नियम मोडते कोण? जी खरोखर येते ती. नेकनूरहून एसटीने बीडला जाणारी नर्सिंगची पोरगी. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक आडवा झाला की तिला उशीर, उशीर झाला की दंड. उभ्याने प्रवास करताना शेजारणीच्या डब्यातले कालवण ॲप्रनवर सांडले की ‘अव्यावसायिक पेहराव’, पुन्हा दंड. वॉर्डात एका म्हातारीने हात धरून ठेवला म्हणून लेक्चर हुकले, तर कारणे दाखवा नोटीस. वर्तनाच्या रजिस्टरात वर्षभर तिचेच नाव. तिथे नाव चढायला हजर असावे लागते ना!

शेवटी तिला हमीपत्र आणायला सांगितले. ‘माझ्या पाल्याचे वर्तन व्यवसायास शोभेल असे राहील’, खाली पालकांची सही. दिवाळी नुकतीच झालेली. पोरगी कार्यालयाच्या खिडकीशी उभी.

“सर, मायबाप उसाच्या फडावर हायेत. पाडव्यालाच येतेत.”

“मग सही कुणाची आणतीस?”

“मुकादमाची आणू का? घरच्या समद्यांचे अंगठे त्याच्याकडंच हायेत, उचलीच्या कागदावर.”

क्लार्कने विचार केला. नियमावली चाळली. ‘पालक’ म्हणजे कोण, याचा खुलासा तिच्यात नव्हता.

“आण. पण त्याला तारीख जूनची टाकाय सांग. पाहणीवाले येणारेत.”