लाल रोझेटवाल्या गाढवास अनावृत पत्र

श्रीमान गाढवराव,
मुक्काम लेस्टर, इंग्लंड, यांसी
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र उघडं लिहितोय, कारण मतदार यादीत तुमचा पत्ता सापडला नाही. आणि आधीच सांगून टाकतो, हे कुणा आजी-माजी नगरसेवकाला आडून मारलेले टोमणे नाहीत. पत्र तुम्हालाच आहे, चार पाय आणि लांब कानवाल्या तुम्हाला. इंग्लंडात मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्याबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, ‘इथे गाढवाला लाल रोझेट लावून उभं केलं तरी निवडून येईल.’ आपल्याकडे शेंदूर फासला की दगडाचा देव होतो. इकडे उमेदवार छातीवर लावतात ते फितीचं फूल डकवलं की गाढवाचा नगरसेवक होतो. लेस्टरमध्ये या एका वाक्यावर तुमचं बरीच वर्षं उत्तम चाललं होतं. ते दिवस गेले, म्हणून हे सांत्वनाचं पत्र.

काय थाट होता तुमचा! महापालिकेत २१ वॉर्ड, ५४ नगरसेवक. २०११ साली मजूर पक्षाचे ५२, २०१५ मध्ये पुन्हा ५२ आणि २०१९ मध्ये ५३. उरलेला एकटा जीव उदारमतवादी. विरोधी पक्षाची बैठक घ्यायची तर त्या गृहस्थांनी आरशासमोर उभं राहावं आणि ठराव एकमताने मंजूर करावा. तुमच्या जातभाईंतल्या कुणा म्हाताऱ्याला २००३ साल आठवत असेल. तेव्हा मजूर पक्षाचं बहुमत गेलं होतं आणि उदारमतवादी नि हुजूर यांनी मिळून कारभार हाकला होता. पण २००७ मध्ये सत्ता परत आली, आणि परत आलेली सत्ता म्हणजे वतनच, अशी आपल्या लोकांची समजूत झाली.

वतनाची सनद कुठून आली, तेही बघा. १९७२ च्या ऑगस्टात हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकलायचा हुकूम काढला, तेव्हा याच लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा अर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली होती: घरं नाहीत, शाळांत जागा नाही, लेस्टरला येऊ नका. लोक आले. एवढी जाहिरात करताय म्हणजे गाव बरं असणार, असंही काहींना वाटलं असेल. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं उभी राहिली आणि त्या लोकांची मतं पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाला पडत गेली. लेस्टर पूर्वमधून कीथ वाझ १९८७ पासून २०१९ पर्यंत खासदार होते. एवढी वर्षं कुणी न मागता मत देत राहिलं, की घेणाऱ्याला मागायची लाज वाटेनाशी होते, आणि पुढे मागायचंच सुचत नाही.

पहिला दणका नॉर्थ एव्हिंग्टन वॉर्डात बसला. २०२२ च्या अखेरीस तिथे पोटनिवडणूक झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शहराच्या पूर्व भागात हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव समोरासमोर आले होते, हवा तापलेली होती. जागा मजूर पक्षाची होती, हुजूर पक्षाने ती जिंकली, आणि मजूर पक्ष दुसराही नाही, हरित पक्षाच्याही मागे, तिसरा! गाढवराव, त्या रात्री तुम्ही कान टवकारायला हवे होते.

टवकारले नाहीत. उलट २०२३ ची निवडणूक तोंडावर आली असताना पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने तिकीटवाटप आपल्या हाती घेतलं आणि १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली. त्यांत बरेच आशियाई वंशाचे. तिकीट कापणं काय असतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. त्याच सुमारास थेट निवडून येणाऱ्या महापौराचं पदच रद्द करा, असा ठराव सत्ताधारी पक्षातल्याच काही जणांनी पुढे आणला. ठराव पडला, बंड करणारे निलंबित झाले. मग जे पंढरपूरपासून पनवेलपर्यंत होतं तेच लेस्टरात झालं. कुणी हुजुरांचं निळं रोझेट लावलं, कुणी हरितांचं हिरवं, कुणी अपक्ष. छाती तीच, कोट तोच.

४ मे २०२३. देशभर मजूर पक्षाची दिवाळी. हुजुरांनी हजारावर जागा गमावल्या आणि मजूर पक्ष २००२ नंतर पहिल्यांदा स्थानिक कारभारातला सर्वांत मोठा पक्ष झाला. लेस्टरात मात्र नेमकं उलटं. मजूर २०१९ च्या ५३ वरून ३१, हुजूर तेव्हाच्या शून्यावरून १७, उदारमतवादी ३, हरित ३. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आपटलेलं देशातलं एवढं मोठं गाढव दुसरं नव्हतं. रागावू नका, आकडे बोलतात.

तुम्ही मतदानाला कधी गेला नसाल, म्हणून सांगतो. शाळेच्या हॉलमध्ये प्लायवूडचा आडोसा, त्यात दोरीला बांधलेली बुटकी पेन्सिल. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. त्या दिवशी दोन मतपत्रिका होत्या, एक महापौराची, एक नगरसेवकांची. तीन नगरसेवकांच्या वॉर्डात तीन फुल्या मारायच्या, पक्ष हवे तसे मिसळून. पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागात वाढलेल्या मराठी माणसाला यात काही अवघड वाटत नाही. इंग्लंडात फोटो असलेलं ओळखपत्र त्या वर्षी पहिल्यांदाच सक्तीचं झालं होतं. म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, विद्यार्थ्यांचं विद्यापीठाचं कार्ड चालत नाही; कुणाची मतं कुणाला हवीत, हे यावरून गाढवालाही कळावं. माझा भारतीय पासपोर्ट मात्र चालला. केंद्रावरच्या बाईंनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, आणि एकही प्रश्न न विचारता मतपत्रिका हातात ठेवली.

हो, भारतीय पासपोर्टवर! राष्ट्रकुलातला माणूस इथे रीतसर व्हिसावर राहत असेल तर नगरसेवक निवडू शकतो. ब्रेक्झिटनंतर आलेल्या फ्रेंच माणसाला तो हक्क नाही, कालपरवा आलेल्या नागपूरकराला आहे. पुण्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर पुण्याचा नागरिक प्रशासकाच्या तोंडाकडे बघत होता आणि पुण्याहून आलेला मी लेस्टरचे नगरसेवक निवडत होतो. या विनोदाचं श्रेय कुणाला द्यायचं ते ठरवता आलेलं नाही.

दारावर येणाऱ्या उमेदवारांचंही ऐका. सगळे ‘केम छो’ म्हणतात. आम्ही ‘मजामा’ म्हणून टाकतो, उगाच वाद कशाला. मग पत्रक येतं. त्यावर स्तंभांचा आलेख: आमचा स्तंभ उंच, दुसऱ्याचा बुटका, आणि खाली ‘इथे फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो’. प्रत्येक पक्षाच्या पत्रकात हेच. चौघांचे आलेख एकावर एक ठेवले तर वॉर्डात मतदार कमी आणि विजेते जास्त निघतील. एक मानलं पाहिजे, पैसा उधळायला मनाई आहे. त्या वर्षी नगरसेवकपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती ८०६ पौंड आणि वर दर मतदारामागे ७ पेन्स. अनामत रक्कमही नाही. आपल्याकडे तेवढ्यात एक फ्लेक्स आणि त्याखालचा वडापाव.

आता तुमच्या दुःखावर फुंकर. एवढं होऊनही सत्ता गेली नाही हो. महापौर सर पीटर सोल्सबी २०११ पासून आहेत आणि २०२३ मध्ये चौथ्यांदा निवडून आले. मंत्रिमंडळ ते स्वतः नेमतात. त्यांचा अर्थसंकल्प सभागृहाला बदलायचा असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे सगळे ५४ हजर असतील तर निदान ३६. २०२३ च्या निकालानंतर सगळे विरोधक एका खोलीत कोंडले तरी भरत होते २३. आमच्या वॉर्डाचा रंग लाल असो की निळा, तिजोरीची किल्ली जिथे होती तिथेच आहे. आणि तिजोरीतला मोठा वाटा वृद्धांच्या आणि मुलांच्या देखभालीला कायद्यानेच जातो. आमच्या नगरसेवकाच्या हाती उरतो तो प्रश्न विचारण्याचा हक्क. तो ५३ लाल रोझेटांच्या सभागृहात कुणी फारसा वापरत नव्हतं. आता प्रश्न विचारले जातात, कर्कश विचारले जातात, कधी निरर्थकही. पण विचारले जातात. मला एवढं पुरेसं आहे.

बरं, हुजुरांनी हुरळून जाऊ नये. जुलै २०२४ च्या संसद निवडणुकीत देशभर त्यांची दाणादाण उडाली आणि त्यांनी दुसऱ्याकडून हिसकावलेली एकमेव जागा होती ती आमची, लेस्टर पूर्व. शिवानी राजा निवडून आल्या, गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, मुंबईपर्यंत बातम्या झळकल्या. बातम्यांत तळटीप नव्हती की मजूर पक्षाचे दोन माजी खासदार, वाझ आणि क्लॉडिया वेब, दोघेही पक्षाविरुद्ध उभे होते आणि मतं तिघांत फुटली. शेजारच्या लेस्टर दक्षिणमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ एका अपक्षाकडून पडले. म्हणजे आमच्याकडे आता लाल गाढव पडतं, पण त्याचा अर्थ निळं गाढव निवडून येतंच असा कुणी घेऊ नये. तुम्हाला निळ्या, हिरव्या, पिवळ्या तबेल्यांतून बोलावणी येत असतील. जाण्याआधी एवढं लक्षात घ्या की आम्हाला आता रोझेटच्या मागचा प्राणी बघायची सवय लागली आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
लेस्टरच्या पूर्वेकडचा एक मतदार

ता. क. हे गाढवासाठी नाही, लेस्टरमधल्या मराठी वाचकांसाठी. महापालिकेची पुढची निवडणूक ठरल्याप्रमाणे मे २०२७ मध्ये आहे. नाव आपोआप यादीत येत नाही, स्वतः नोंदवावं लागतं, आणि मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी नोंदणी बंद होते. व्हिसावर असाल तरी नोंदवा.